बिनचेहऱ्याचा फोटो

गोरक्षनाथ काकांच्या दुकानात स्कॅनर आला तो नव्याण्णव सालच्या मे महिन्यात. नगरच्या जुन्या बसस्थानकामागे त्यांचं डीटीपीचं छोटं दुकान होतं. एक कॉम्प्युटर, एक रंगीत प्रिंटर आणि भिंतीवर टाचलेले लग्नपत्रिकांचे नमुने. कॉम्प्युटरवर बसायची दीपा. केडगावहून रोज सिटी बसने यायची, पत्रिका, बिलबुकं, शाळांचे दाखले, श्रद्धांजलीचे फलक असं काय काय टाइप करायची. वय तेवीस.

एकदा नवरदेवाचा पासपोर्ट फोटो स्कॅन करताना बांगड्या काचेला लागायला लागल्या, म्हणून तिने त्या काढून ठेवल्या. एक चुकून काचेवरच राहिली. काचेखालून उजेडाची पट्टी सरकत गेली आणि पडद्यावर नवरदेवाच्या शेजारी हिरवी बांगडी उमटली. दीपा फोटो विसरून बांगडीकडेच बघत बसली. काचेच्या आत एक बारीकसा बुडबुडा अडकलेला होता. दोन वर्षं ती बांगडी हातात होती आणि हा बुडबुडा तिला कधी दिसला नव्हता.

त्यानंतर तिला नादच लागला. गिऱ्हाईक नसलं की झाकण उघडं ठेवून ती काचेवर काहीही मांडायची. दुकानाची किल्ली, पेरूचं पान, डब्यातली मिरची. मागे काळोख यायचा आणि वस्तू त्यातून वर आल्यासारखी दिसायची. मग कॉम्प्युटरवर ती एकीशेजारी दुसरी ठेवायची, मोठी करायची, सावल्या जुळवायची.

"बल्ब जाईल त्याचा," काका ओरडायचे. पण मिरचीचं चित्र त्यांनीही दोनदा मागून बघितलं होतं.

जूनच्या शेवटी एक बाई ग्रामसभेची पत्रकं छापून घ्यायला आल्या. पन्नाशीच्या, काळ्यासावळ्या, उन्हाने रापलेल्या. घोडेगावच्या पुढे आत वळलं की कवठवाडी लागते, तिथल्या त्या सरपंच. चांगुणाबाई. जागा राखीव झाली तेव्हा बौद्धवस्तीतल्या चांगुणाबाई निवडून आल्या होत्या आणि आता त्यांची मुदत संपत आली होती. मजकूर तपासायला त्या पडद्याजवळ आल्या, तर तिथे बांगडी दिसली.

"ही तुज्या हातातली का गं?"

"हो मावशी. ह्या काचेवर ठेवली की अशी येते."

"कायबी ठिवलं तरी येतं?"

"मावेल ते सगळं."

चांगुणाबाईंनी बांगडीतल्या त्या बुडबुड्यावर बोट टेकवलं. मग पत्रकं घेऊन गेल्या.

आठ दिवसांनी त्या परत आल्या. हातात फडक्यात बांधलेलं गाठोडं होतं आणि काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक फ्रेम. आधी त्यांनी फ्रेम उघडली. स्टुडिओत काढलेला त्यांचा फोटो होता. चेहरा पिठात बुडवून काढल्यासारखा गोरा, ओठ लाल, पाठीमागे बर्फाचे डोंगर.

"आमच्या कचेरीत समद्या जुन्या सरपंचांचं फोटो हायेत भिंतीवर," त्या म्हणाल्या. "ग्रामसेवक म्हनले, पंधरा ऑगस्टला तुमचाबी लावू, काढून आना. तर त्या स्टुडिओवाल्यानं हे करून दिलं. आमचं मालक म्हनले, ही कोन बाई आनली घरात?"

काका हसले. दीपालाही हसू आलं.

"मी रंग नीट करून देते मावशी, चेहरा होता तसा येईल."

"चेहरा नगंच," चांगुणाबाई म्हणाल्या. "पाच वर्सं माजा चेहरा समद्यांनी बगितला. माज्याकडं बगायचं अन् बोलायचं उपसरपंचाशी. आता ह्ये बगू दे." आणि त्यांनी गाठोडं सोडलं.

त्यातून पाच सागरगोटे निघाले, राखाडी, हाताळून हाताळून तुळतुळीत झालेले. मग एसटीच्या तिकिटांची दोऱ्याने बांधलेली गड्डी. मग एक काळं, टोपीसारखं, बोटभर रबर. मूठ नसलेला पितळी नळ. आणि शेवटी लाकडाचा एक ओबडधोबड तुकडा, एका बाजूला साल, दुसऱ्या बाजूला कुऱ्हाडीचे घाव.

"ह्ये मांड. ह्यो माजा फोटो."

दीपाने रबर उचलून फिरवून बघितलं. "हे कशाचं आहे?"

"रबर हाय."

"ते दिसतंय. पण कशाचं?"

"तू मांड तर खरं," चांगुणाबाई म्हणाल्या, "मंग सांगते." आणि घोडेगावची गाडी चुकेल म्हणून निघून गेल्या.

चार दिवस दीपाच्या डोक्यात त्या वस्तूच फिरत होत्या. सागरगोटे कळत होते. लहानपणी तीही खेळली होती. पण सरपंचबाईंच्या फोटोत ते कशाला? तिकिटं तिने एक एक करून बघितली. सगळी तालुक्याला जाण्यायेण्याची, पंच करून करून चाळणी झालेली. नळाला मूठ का नव्हती? रबर घेऊन ती शेजारच्या सायकलवाल्याकडे गेली. तो म्हणाला स्टँडचं असेल. रद्दीवाला म्हणाला कुबडीचं आहे. कुबडीचं ऐकून दीपाला वाटलं, बाईंच्या घरी कुणी अधू असेल. घरी आईला विचारलं तर आई म्हणाली, "लोकांच्या गाठोड्यात कशाला डोकावतेस? ज्याचं त्याला माहीत."

पण डोकावल्याशिवाय मांडायचं कसं, हे तिला कळेना. बांगडी, मिरची मांडताना फक्त चांगलं दिसण्याशी मतलब होता. इथे कुणाच्या शेजारी कुणाला ठेवायचं, कोण मोठं, कोण लहान, हे कुणी तिला सांगितलेलंच नव्हतं.

शेवटी तिने एकेक वस्तू स्कॅन केली. सागरगोट्यांवर बारीक वर्तुळं उमटली, झाडाच्या कापलेल्या खोडावर असतात तशी. नळाचं पितळ सोन्यासारखं आलं. लाकडाचा तुकडा मात्र त्रास देत होता. भुसा काचेवर पडायचा, पडद्यावर तुकडा मातीच्या ढेकळासारखा दिसायचा, सगळ्या चित्राची रया घालवायचा. "काढून टाक गं तो," काका मागून म्हणाले. "एवढं छान आलंय बाकीचं." दीपालाही तेच वाटत होतं. तिने तुकडा काढला, नळ मधोमध उभा केला, सागरगोटे त्याच्याभोवती रांगोळीच्या ठिपक्यांसारखे मांडले, तिकिटं पंख्यासारखी पसरली. चकचकीत कागदावर प्रिंट काढली आणि तिला ती फार आवडली.

पुढच्या खेपेला चांगुणाबाईंनी प्रिंट दोन्ही हातांत धरून दारापाशी उजेडात नेली. बराच वेळ बघितली.

"लई झ्याक केलंस," त्या म्हणाल्या. "माजं लाकूड कुठंय?"

दीपा गडबडली. "ते... ते बरं दिसत नव्हतं मावशी. बाकीचं एवढं सुंदर आलंय, त्यात ते—"

"बरं दिसत न्हाई म्हनूनच आनलंय."

त्या खुर्चीवर बसल्या. काकांनी समोरच्या टपरीवाल्याला तीन चहा सांगितले. चहा येईपर्यंत चांगुणाबाईंनी प्रिंट पुन्हा एकदा निरखली. मग त्यांनी ते काळं रबर उचललं.

"आदी ह्ये सांगते. खुर्चीचं बूट हाय ह्ये. लोखंडी घडीच्या खुर्चीच्या पायाला असतं बग, त्ये. सरपंच झाले अन् पयल्या मिटिंगला गेले, तर उपसरपंच म्हनले, खुर्च्या चारच हायेत, तुमी बसा सतरंजीवर. बसले. घरी आले तर मालक कायबी बोलले न्हाईत, पर जेवलेबी न्हाईत. म्होरच्या मिटिंगला मी घरची खुर्ची डोक्यावर घिऊन गेले. मिटिंग झाली की परत घिऊन यायची. अकराव्या मिटिंगपतूर नेली. एकदा कचेरीतच ह्ये बूट निगून पडलं, त्ये मी कमरेला लावलं. बाराव्या मिटिंगला गेले तर खुर्ची मांडलेली हुती."

"कुणी मांडली?"

"त्ये कुनीच सांगितलं न्हाई. मीबी इचारलं न्हाई."

नळ वस्तीतला होता. पाणी वस्तीला येऊ नये म्हणून कुणीतरी मूठ काढून नेली होती. नवी बसवली की पुन्हा नाहीशी व्हायची. शेवटी चांगुणाबाईंनी पाटलाच्या आळीतल्या नळाचीही मूठ काढून घरी आणून ठेवली आणि सांगितलं, पाणी येईल तर दोन्हीकडं येईल. तिसऱ्या दिवशी दोन्ही नळांना मुठी लागल्या. पुढे वस्तीत नवा नळ बसला, मूठ त्याला लावली आणि हा जुना नळ त्यांनी मागून घेतला होता.

काका हसत होते. "आणि सागरगोटे?"

"त्ये माजं," चांगुणाबाई म्हणाल्या. "बाकी समदं सरपंचाचं हाय. ह्ये चांगुणाचं. मी सात वर्सांची असल्यापास्नं खेळतीया. अजून मला कुनी हरवलेलं न्हाई. खुरपायला गेलो की दुपारच्याला बांधावर खेळतो आमी."

मग त्यांनी लाकूड उचललं आणि आवाज खाली आला.

गावाच्या तोंडाशी मोठी चिंच होती. तिच्या खाली गोजरबाई नावाची म्हातारी बसायची. तीस वर्षं ती तिथे चिंचा फोडून विकत होती. पावसाळ्यात गावात गाडी येत नव्हती, म्हणून रस्ता मंजूर झाला. रुंदीत चिंच आडवी येते, ठरावावर सही करा, असं सगळे म्हणाले. गोजरबाई घरी आली, पाया पडली, थोडी थांब म्हणाली. चांगुणाबाईंना रस्त्याची घाई झाली होती. आपल्या काळात रस्ता झाला, असं गावाने म्हणावं असं त्यांना वाटत होतं. त्यांनी सही केली. चिंच दोन दिवसांत आडवी झाली. मग मोजणी बदलली आणि रस्ता ओढ्याच्या पलीकडून गेला.

"चिंच गेली, अन् तिथनं रस्ताबी न्हाई," त्या म्हणाल्या. "गोजरबाई दोन वर्सं झाली, माज्याशी बोलत न्हाई. त्या चिंचेचा ह्यो तुकडा. सही माजी हुती. दुसऱ्या कुनाची न्हवती."

दीपाला आठवलं, आपण माऊसच्या एका टिचकीने तो तुकडा काढून टाकला होता.

"मालक म्हनत हुते, बाबासाहेबांचा बिल्ला ठिव त्यात," चांगुणाबाई पुढे म्हणाल्या. "मी म्हनलं, त्येंचा फोटो हाय कचेरीत. त्येंच्यामुळं तर मी तिथं बसले. पर चिंचंचा हिशोब त्येंच्या आड लपून द्यायचा का? त्यो मलाच दिला पायजे."

"मग हे मधोमध ठेवू?" दीपाने विचारलं.

"मधी नगं. मी काय तेवडीच न्हाई. पर आल्या-गेल्याला दिसलं पायजे."

त्या दिवशी चांगुणाबाई घोडेगावची दुपारची गाडी सोडून दीपाच्या शेजारीच बसल्या. दोघींनी पहिल्यापासून मांडायला घेतलं. रबर नळाच्या शेजारी नको, ती दोन भांडणं वेगळी होती, असं त्या म्हणाल्या. तिकिटं पंख्यासारखी नको. "तिकिटं कुनी अशी धरतं का? तालुक्याच्या कचेरीत खेटं घालताना हातात चुरगाळलेली असत्यात." दीपाने तिकिटं पुन्हा स्कॅन केली, चुरगाळून. मधेच वीज गेली आणि केलेलं सगळं गेलं. दीपाने कपाळावर हात मारला. चांगुणाबाई म्हणाल्या, "बरं झालं, नळ लई मोठा झाल्ता."

वीज आल्यावर सागरगोट्यांवर त्यांचं अडलं.

"असं ओळीनं नगं. चार खाली, अन् एक वर."

"वर म्हणजे?"

चांगुणाबाईंनी सागरगोटे हातात घेतले, चार टेबलावर टाकले, पाचवा उडवला आणि तो खाली यायच्या आत दोन उचलून तो झेलला. सत्तेचाळीस वर्षांचा सराव होता. काकांच्या तोंडातून "वा" निघून गेलं.

"त्यो वर असतो तवाच खेळ असतो," त्या म्हणाल्या. "खाली पडला की संपलं."

काचेवर ठेवून हवेतली वस्तू येत नाही. पण कॉम्प्युटरवर येते. दीपाने पाचवा सागरगोटा बाकीच्यांपासून उचलला, काळोखात वर नेला, थोडा मोठा केला आणि खाली त्याची फिकट सावली सोडली. तो खरंच अधांतरी थांबला. खाली एका कडेला चिंचेचा तुकडा होता, घाव घातलेली बाजू बघणाऱ्याकडे. या वेळी तो मातीच्या ढेकळासारखा दिसला नाही. की दीपाचीच नजर बदलली होती, ते तिला सांगता आलं नसतं.

पंधरा ऑगस्टला दीपा कवठवाडीला गेली. चांगुणाबाईंनी बोलावलं होतं, पण त्यांनी बोलावलं नसतं तरी ती गेली असती. झेंडावंदन झालं आणि माणसं ग्रामपंचायतीच्या कचेरीत जमली. भिंतीवर आधीच्या पाच सरपंचांचे फोटो होते, फेटे, टोप्या, मिशा. त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं. बन्सी, चांगुणाबाईंचे मालक, स्टुलावर चढले आणि सहाव्या खिळ्यावर त्यांनी फ्रेम लावली.

"ह्ये काय?" उपसरपंच म्हणाले. "जत्रंतलं दुकान मांडलंय का?"

लोक हसले. ग्रामसेवक चाचरत म्हणाले, "बाई, इथे फोटो लागतो हो. माणसाचा."

"त्यो माजाच फोटो हाय," चांगुणाबाई म्हणाल्या. "चेहराच पायजे असं कुठं लिवलंय का? लिवलं असंल तर दाखवा, काढते."

ग्रामसेवकांनी कपाटाकडे बघितलं, पण उघडलं नाही.

तोवर माणसं जवळ सरकली होती. शाळेतल्या मुली सागरगोटे बघून एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. "नळ वस्तीतला," कुणीतरी ओळखलं. "अन् ह्ये काळं काय?" एकजण म्हणाला बाटलीचं बूच. दुसरा म्हणाला पंपाचं वायसर. दीपाला जीभ आवरत नव्हती, पण चांगुणाबाई गप्प होत्या म्हणून तीही गप्प राहिली.

"खुर्चीचं बूट हाय," ज्ञानेश्वर कोतवाल दारातून म्हणाला. म्हातारा झाला होता, कचेरीतली सतरंजी तोच टाकायचा.

"कंच्या खुर्चीचं?" एका तरण्या पोराने विचारलं.

कोतवालाने उपसरपंचांकडे बघितलं. उपसरपंच खिडकीबाहेर झेंड्याकडे बघत होते. मग कोतवालाने सांगितलं, पहिल्यापासून, सतरंजीपासून. गावातल्या निम्म्या माणसांना हे माहीत होतं आणि उरलेल्या निम्म्यांनी ते पहिल्यांदाच ऐकलं. शेवटी तो म्हणाला, "बाराव्या मिटिंगची खुर्ची म्या मांडली हुती. मला कुनी सांगितलं न्हवतं."

चांगुणाबाई वळल्या. पाच वर्षांत त्यांनी न विचारलेली गोष्ट त्यांना कळली होती. "तू व्हय रं?" एवढंच त्या म्हणाल्या.

गर्दीतून वाट काढत एक वाकलेली म्हातारी पुढे आली. बायका बाजूला झाल्या, तेव्हाच दीपाने ओळखलं ही गोजरबाई. तिने पदराने डोळे पुसून चित्राला नाक लावलं. चिंचेच्या तुकड्यावरून, काचेवरूनच, बोट फिरवलं.

"बुंद्याकडचं हाय," ती म्हणाली.

"व्हय," चांगुणाबाई म्हणाल्या.

"हितं कशाला लावलंस?"

"मी तोडली म्हनून."

गोजरबाईने पाची जुन्या सरपंचांवरून एकदा नजर फिरवली, परत चित्राकडे आणली.

"तोडायची न्हवती चांगुणा."

"न्हवती तोडायची."

"मी पाया पडले हुते तुज्या."

"पडली हुतीस."

दीपाला वाटलं आता म्हातारी रडेल, नाहीतर चांगुणाबाई तरी. दोघी नुसत्या उभ्या राहिल्या. मग गोजरबाई म्हणाली, "ऱ्हाऊ दे लावलेलं," आणि जशी आली तशी गेली. माफ केलं असं काही ती म्हणाली नाही. पण दोन वर्षांनी चार वाक्यं बोलली होती, आणि बन्सींनी स्टूल उचलताना बायकोकडे बघून मान हलवली ती त्यासाठीच.

उपसरपंचांनी नंतर चहाच्या वेळी फोटो बदलायचा विषय पुन्हा काढला. ग्रामसेवक म्हणाले, पुढच्या बॉडीपुढे ठेवू. पण शाळेतल्या मुली अजून फ्रेमसमोरून हलत नव्हत्या, हवेतला सागरगोटा दोरीने बांधलाय का यावर त्यांचं भांडण चाललं होतं, आणि तेवढ्या गलक्यात विषय पुढे गेला नाही.

संध्याकाळच्या आत नगरला पोचायचं म्हणून दीपा लवकर निघाली. चांगुणाबाई तिला ओढ्यापलीकडच्या नव्या रस्त्यापर्यंत सोडायला आल्या. वाटेत चिंचेचा बुंधा लागला. त्याच्या कडेने हिरवे धुमारे फुटले होते. शेळ्यांनी निम्मे खाल्ले होते.

"मावशी, आता काय करणार?"

"उद्या खुरपायला जायाचं. तन लई झालंय." मग थोडं चालून त्या म्हणाल्या, "अन् तू गं? लोकांचं मांडतीस. तुजं मांडायचं झालं तर काय आनशील?"

दीपाने तोंड उघडलं. पहिल्यांदा तिला जे सुचलं ते सगळं छान दिसणारं होतं. ते तिने गिळलं. मग तिला अशा दोन गोष्टी आठवल्या ज्या तिने कुणालाच सांगितल्या नव्हत्या, आणि त्या कुठल्या वस्तूत बसतील ते तिला कळेना.

"मला अजून माहीत नाही," ती म्हणाली.

"मंग बग शोधून. घाई न्हाई."

वडाप जीप आली. आत माणसं कोंबलेली होती, मागच्या दारालाही दोघे लटकत होते. दीपा मागे सरली, पण चांगुणाबाईंनी पुढचं दार उघडलं आणि ड्रायव्हरशेजारी ऐसपैस बसलेल्या दोन धोतरवाल्यांकडे बघितलं.

"सरका की जरा. पोरीला बसू द्या."

ते सरकले.